दोघं आत, एक बाहेर

अगं गुड्डी, इकडे ये. जवळ ये अशी, त्या स्पीकरवरून नको. स्पीकरवर टाकलंस की मला तुझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात, ऑफिसातलं कुणीतरी हसलेलं ऐकू येतं. तूच तेवढी ऐकू येत नाहीस. आणि मी जरा काही सांगायला लागले की लगेच, "आई, नेटवर्क जातंय बघ." तुझं नेटवर्क बरं नेमकं माझ्या वाक्याच्या मध्येच जातं! दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. मग म्हणालीस नाताळच्या सुट्टीत. आता संक्रांतीचं नाव काढलंयस. यंदा तिळगूळ मी कुरिअरनं पाठवणार नाही, आधीच सांगून ठेवते. ज्याला गोड बोलायचंय त्यानं उज्जैनला यावं आणि समोर बसून बोलावं.

वाचणाऱ्यांना सांगते, गुड्डी म्हणजे माझी मुलगी. पुण्याला असते, नोकरी करते, घर सांभाळते आणि रोज मला विचारते, "आई, स्वेटर घातलास का?" घातलाय बाई. पायात मोजे घालून, गुडघ्यावर रजाई घेऊन बसलेय. पण मला बोलायचंय ते स्वेटरचं नाही, थंडीचं आहे. टावर चौकात गराडूच्या कढया लागल्या. आमच्या माळव्यात थंडी पंचांगात बघून येत नाही, ती कढईतून येते. तो खरबरीत कंद सोलून, तुकडे करून, तळून, वर जीरावनचा मसाला भुरभुरवून लिंबू पिळला की त्याचा जो वास सुटतो ना, तो नाकात शिरला की समजायचं, आता होळीपर्यंत रजाया आत ठेवायच्या नाहीत.

काल भाजीला गेले होते, तर पाय आपोआप तिथे थांबले. गराडूवाला ओळखीचा. म्हणाला, "अरे माताजी, इस बार बहोत दिन में!" आणि बोलता बोलता पानाचा दोना भरून त्यात सवयीनं दोन काड्या खोचल्या. मी बघितल्या. त्यानंही बघितल्या, मग तो कढईत झारा फिरवायला लागला. मी काही काडी काढून परत दिली नाही. राहू दिली दोन्यात.

गराडू आले म्हणजे उंडाशाच्या तलावावर पाखरंही आलीच. तुझ्या बाबांचं हे ठरलेलं गणित. ते रेल्वेतून रिटायर झाले, तेव्हा बाकीच्यांसारखं सकाळी बागेत जाऊन जोरजोरात हसायचं त्यांना जमेना. त्यांनी कॅमेरा घेतला. मला वाटलं, महिन्याभरात कपाटात जाईल. कसलं काय! मक्सी रोडला, गावाच्या बाहेर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, त्यांनी पाखरांचे फोटो काढायला एक लपण केलं. फोटोवाले त्याला हाइड म्हणतात. तुझे बाबा लपण म्हणायचे. मी बघितल्याबरोबर खोपटं म्हणाले, तर यांना राग आला. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर माझी जुनी मेंदी रंगाची साडी, आणि वरून बेशरमाच्या फांद्या. बेशरम म्हणजे तलावाकाठी आपोआप माजणारं ते जांभळ्या फुलांचं झुडूप, आमच्याकडे त्याला हेच नाव आहे. पाण्याच्या बाजूला एक आडवी फट, तेवढ्यातून लेन्स बाहेर. आत बसायला वेताचा एक बुटका मुढा. लेन्स टेकवायला यांच्या जुन्या पँटचा पाय कापून मी शिवलेली, चवळी भरलेली पिशवी. "बाकी काही असो," मी म्हणायची, "साडी माझी, चवळी माझी, बसणार तुम्ही."

पण माझंही एक काम होतं, आणि तेच आज सांगायचंय.

लपणात माणूस शिरताना पाखरं बघतात. काठावरून उडतात आणि पार पलीकडे जाऊन बसतात. मग आतला माणूस कितीही गप्प बसला तरी त्यांना ठाऊक असतं की तिथे कुणीतरी आहे. ती फिरकत नाहीत. यावर फोटोवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. लपणात दोघांनी जायचं. थोडा वेळ आत थांबायचं. मग एकानं बाहेर यायचं आणि सगळ्यांना दिसेल असं, सावकाश, चालत निघून जायचं. पाखरांना वाटतं, आली होती माणसं, गेली. खोपटं रिकामं झालं. त्यांना मोजता येत नाही. दोघं आत गेली आणि एक बाहेर आलं, यातला हिशेब त्यांना लागत नाही.

ते बाहेर येणारं एक म्हणजे मी.

कितीतरी थंड्या मी हेच काम केलं. पहाटे स्कूटरवर यांच्या मागे बसून जायचं, कानाला मफलर, मांडीवर डबा. पाळीपाशी उतरलं की दोघांनी जवळजवळ चालायचं. आत शिरायचं. हे लेन्स लावत असताना मी थर्मासमधला चहा ओतून द्यायची. मग हे मान हलवायचे आणि मी निघायची. निघण्याचेही नियम होते, बरं का. घाई करायची नाही. हात हलवत चालायचं. काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे पाखरांची खात्री पटते. आणि सगळ्यात मोठा नियम, मागं वळून बघायचं नाही. "तू वळलीस की त्यांना कळतं, इथे काहीतरी राहिलंय," हे म्हणायचे. मी जाता जाता भाजीचे भाव म्हणायची, नणंदेशी करायचं राहून गेलेलं भांडण करायची. एकदा रामरक्षा म्हणत गेले, तर हे नंतर म्हणाले, "आज चक्रवाक अगदी हात जोडून बसले होते."

फसायची नाही ती फक्त टिटवी. पाळीवरची टिटवी म्हणजे आपल्या जुन्या गल्लीतली ती खिडकीतली बाई, आठवते का तुला? कोण आलं, कोण गेलं, किती वाजता गेलं, पिशवीत काय होतं, सगळं तिला ठाऊक. मी निघाले की ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायची. मला वाटायचं, सांगतेय सगळ्यांना, अरे एक आत राहिलाय, एक आत राहिलाय! पण तिचं कुणी ऐकायचं नाही. रोज ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं?

मग पाळीपलीकडे झाडाखाली वेळ काढून दुपार चढायच्या आत मी परत जायची, यांना आणायला. तेही तसंच. मी आत शिरले की मगच त्यांनी माझ्याबरोबर बाहेर यायचं. एकट्यानं आतून उठून बाहेर यायचं नाही. रिकाम्या वाटणाऱ्या खोपटातून माणूस निघालेलं पाखरांनी एकदा बघितलं की त्या जागेवरचा त्यांचा भरोसाच उठतो. म्हणजे आतल्यानं बसून राहायचं, बाहेरचा येईपर्यंत. असं आमचं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

एका थंडीत कप वाजायला लागला.

तुझे बाबा सकाळी कपबशी उचलायचे आणि बशीत कप वाजायचा. बारीक, किणकिण. मी पहिल्यांदा म्हटलं, ठंड आहे. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायला लागला. फोटो हलके हलके पुसट यायला लागले. हे म्हणायचे लेन्समध्ये ओल गेलीय. लेन्स इंदूरला दाखवून आणली. दुकानदार म्हणाला, "लेन्स तो एकदम चकाचक है, अंकल." त्या दिवशी घरी येताना देवास गेटच्या स्टँडवर बसमधून उतरलो, तर लेन्सची पिशवी माझ्याकडे देऊन हे खिशात हात घालून ऑटोत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीसारखे लपणात गेलो. मी चहा दिला. यांनी लेन्स लावली, चवळीच्या पिशवीवर नीट टेकवली, आणि मुढ्यावरून उठले. मला म्हणाले, "बस."

"मी?"

"मग काय टिटवीला बसवू? बस. आज मी जातो."

"मला काय येतंय हो त्यातलं! माझ्या हातून मिक्सरचं झाकण उडतं."

"शिकशील. हात तर चांगले आहेत ना?"

एवढंच म्हणाले. हाताबद्दल त्यांच्या तोंडून तेवढंच आलं. आणि निघाले. मी फटीतून बघायला गेले, तर फट पाण्याच्या बाजूला. मागची बाजू बंद. इतक्या वर्षांत माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं, की आतल्या माणसाला जाणारा दिसत नाही. नुसता ऐकू येतो. वाळक्या गवतावरून त्यांची पावलं गेली. मोठ्यानं बोलत चालले होते, "उज्जैन से चलकर नागदा, रतलाम के रास्ते जानेवाली गाडी..." जन्मभर स्टेशनात ऐकलेली घोषणा. गाडी लांब लांब जात राहिली, मग पाळीवर चढली, मग बंद झाली. टिटवी ओरडली. आणि मग असं शांत झालं म्हणून सांगू, की माझ्याच कानातलं रक्त मला ऐकू यायला लागलं.

ती एकच थंडी मी आत बसले. आता डोळे मिटले की तीच आठवते. एवढी वर्षं संसार केला आणि आठवायला एक खोपटं!

आत काय असतं ते बाहेरच्याला कळत नाही. गोणपाटाचा ओला वास. नाकाचं टोक गार. बसून बसून पाय आपले राहत नाहीत, मुढ्याचेच होतात. आणि फटीतून जे दिसतं ते आधी काहीच नसतं, नुसतं धुकं. मग धुक्यात पाणी. मग पाण्यावर काळे ठिपके, ते पांढऱ्या कपाळाचे चांदवे. मग कुठूनतरी लांब पायांचे शेकाटे, गुलाबी पायजमे घातल्यासारखे, चिखलात टिचक्या मारत येतात. चक्रवाकाची जोडी येऊन अगदी समोर उतरते आणि दोघं एकमेकांशी बोलत बसतात, नाकात बोलल्यासारखं, आपल्याकडची म्हातारी जोडपी बोलतात तसं, भांडण आहे की गप्पा कळत नाही. एवढं जवळ सगळं चालू असतं आणि त्यातल्या कुणालाही तुम्ही तिथे आहात हे ठाऊक नसतं. प्रथम प्रथम मला त्याचं वाईट वाटायचं. जन्मभर घरात कुणी आलं की "या, बसा, पाणी घ्या" म्हणायची सवय, आणि इथे एवढे पाहुणे, आणि मी नाहीच!

माझ्या मागे लागला तो कवड्या. कवड्या धीवर. हिंदीत त्याला किलकिला म्हणतात. काळापांढरा, मूठभर. यांनी पाण्यात एक वाळकी फांदी रोवून ठेवली होती, त्यावर येऊन तो बसायचा. मग उठायचा आणि पाण्यावर हवेत थांबायचा. थांबायचा म्हणजे खरंच थांबायचा गं. पंख भिरभिरताहेत, शेपूट खाली, चोच सरळ पाण्याकडे, आणि जागेवरून हलत नाही, जसा कुणी दोरीनं टांगलाय. आणि मग एकदम पंख आवळून दगडासारखा खाली. यांना तो क्षण हवा होता. टांगलेला असतो तो नव्हे, पाण्यात जातो तोही नव्हे. मधला. सुटतो तो.

माझ्या फोटोत कवड्या कधीच नसायचा. मी बटण दाबायची तोवर तो पाण्याखाली. माझ्याकडे नुसते पाण्याचे फवारे. संध्याकाळी हे चष्मा लावून एकेक बघायचे. "वा. हा फवारा. हा दुसरा फवारा. हा जरा डावीकडचा फवारा. ही फोटोग्राफी आहे की गल्लीतला नळ फुटलाय?"

"तुम्ही शिकवा मग."

"हे शिकवता येत नाही. त्याला बघून दाबलंस तर उशीर. त्याच्या आधी दाबायचं."

"आधी म्हणजे कधी?"

"ते मला ठाऊक असतं, सांगता येत नाही."

झालं! मी चिडून आत गेले आणि दूध तापत ठेवलं. आणि दूध वर यायला लागलं, माझा हात गॅसकडे गेला, बटण फिरवलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी दुधाकडे बघतच नव्हते. चिडून खिडकीबाहेर बघत होते. हाताला कळलं होतं. दूध उतू जाण्याच्या आधी एक काहीतरी होतं, साय जराशी ताठते, आवाज बदलतो, नक्की काय ते कुणाला सांगता येणार नाही, पण कुठल्याही बाईच्या हाताला ते ठाऊक असतं. मी तशीच बाहेर येऊन म्हणाले, "कळलं मला."

"काय?"

"तुमचा कवड्या म्हणजे दूध आहे."

हे चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, माझं डोकं थंडीनं गोठलं असं त्यांना वाटलं असणार.

आणि मग तो दिवस. हे मला आत सोडून गेले, नेहमीसारखी रतलामची गाडी घेऊन. धुकं उठलं, ऊन आलं, चक्रवाक आले, गेले. यांची यायची वेळ झाली. आले नाहीत. ऊन फटीतून माझ्या गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून खाली उतरलं. डब्यातला पराठा मी खाल्ला. मग यांच्यासाठी ठेवलेला अर्धा होता, तोही खाल्ला. उठून जावं तर नियम. फोन करावा तर फोन पिशवीत आणि पिशवी यांच्या स्कूटरला. मनात काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! स्कूटर घसरली असेल. हात कापत होते, ब्रेक लागला नसेल. मी पावलं ऐकत होते. सगळे कान मागच्या बंद बाजूला, डोळे तेवढे पुढे उघडे. आणि समोर तो येऊन टांगला. माझं लक्ष नव्हतं त्याच्याकडे. लक्ष गवतात होतं, पाळीवर होतं, मक्सी रोडवर होतं. आणि हातानं बटण दाबलं.

थोड्या वेळानं स्कूटर वाजली. गवत वाजलं. हे आत आले ते धापा टाकत. चेहरा असा काही झाला होता की मला ओरडताच येईना.

"काय झालं? पडलात का?"

"नाही गं."

"मग?"

हे मुढ्याशेजारी खालीच बसले. म्हणाले, "मी घरी गेलो."

"घरी? कशाला?"

"सवयीनं. इतकी वर्षं इथून निघालो की घरीच गेलोय ना. आज लवकर काम संपलं असं वाटलं. कुलूप उघडलं, किल्ली खिळ्याला लावली, चपला काढल्या आणि स्वैपाकघराकडे बघून हाक मारली, चहा टाक गं. कुणी बोलेना. परत हाक मारली. मग म्हटलं, रुसलीस का? आत जाऊन बघितलं. ओटा पुसलेला. तेव्हा आठवलं, की तुला तलावावर ठेवून आलोय."

मला इतकं हसू आलं! तोंडावर पदर दाबून हसले, पाखरं उडू नयेत म्हणून. हेही हसले. मग हसता हसता थांबले आणि म्हणाले, "पण तेवढा वेळ घर फार वाईट होतं गं."

मी त्यांना कॅमेरा दिला. त्यांनी मागच्या काचेवर शेवटचा फोटो आणला. कवड्या होता. अख्खा होता. पंख आवळलेले, चोचीपासून शेपटीपर्यंत एक सरळ रेघ, आणि खाली पाण्यात त्याचंच दुसरं रूप त्याच्याकडे वर येत असलेलं. दोघांच्या चोचींमध्ये एवढंसं अंतर. हे बघत राहिले. त्यांच्या हातात कॅमेरा थरथरत होता.

"हलतोय गं हा," ते म्हणाले.

"फोटो नाही हलत. तुमचा हात हलतोय."

"माहीत आहे," म्हणाले. "माहीत आहे मला." आणि कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून माझे गारठलेले हात त्यांच्या त्या हलणाऱ्या हातांत धरून बसले. बाहेर चक्रवाक नाकात बोलत होते. त्या दिवशी चहा आम्ही उन्हं कलल्यावर प्यालो.

पुढच्या पावसाळ्यात हे गेले. ते तुला ठाऊक आहे, तू होतीस. किती माणसं आली होती, आठवतं? जिन्यात चपला मावत नव्हत्या. भोपाळचे, देवासचे, इंदूरचे, यांच्या ऑफिसातले, गल्लीतले. मग तेरावा झाला आणि सगळे बॅगा घेऊन, रुमाल नाकाला लावून, सावकाश, एकेक करून निघून गेले. तूही गेलीस. जायलाच हवं होतं तुला. दार लागलं. आणि मला एकदम लपण आठवलं. इतके आत आले, इतके बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, झालं, घर रिकामं झालं. एक आत राहिलंय हा हिशेब कुणाला लागला नाही. टिटवीसुद्धा ओरडली नाही.

मी तक्रार नाही करत. मला आत बसता येतं, शिकलेय मी. पण एक फरक आहे बघ. तिथे आत बसले की कान मागे असायचे. कुणीतरी येणार आहे, उशिरा येईल, विसरून घरी जाईल, पण येणार आहे. त्या एकटेपणाला एक बाजू होती. ह्याला नाही. इथे मी कान मागे लावते तर फ्रिजचा आवाज येतो. मीही कधी कधी बाजारातून येऊन किल्ली खिळ्याला लावते आणि म्हणते, "चहा टाकू का हो?" आणि मग स्वतःशीच म्हणते, तेवढा वेळ घर फार वाईट होतं.

यंदा मनात आलं, तलावावर जायचं. लपण नीट केलं. गोणपाट फाटलं होतं, साडी उन्हानं पांढरी पडली होती. दुसरी साडी शिवून घातली, तू दिलेली ती हिरवी, माफ कर, मला तसाही तो रंग शोभत नव्हता. पण आत जायला दोघं लागतात. समोरच्या भाभीला विचारलं. बिचारी लगेच तयार! म्हणाली, "काकीजी, बस चलके वापस आना है ना? ये तो मेरी मॉर्निंग वॉक हो गई." लाल भडक शाल घेऊन आली. मी तिला दहादा समजावलं, मागं बघायचं नाही. ती आत आली, बाहेर पडली, आणि दहा पावलांवरून परत. "काकीजी, आपका पानी तो मेरे पास रह गया!" गेली. परत आली. "काकीजी, घुटने में दर्द तो नहीं हो रहा?" मग पाळीवर चढून तिनं आपल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि हात करून दाखवायला लागली, "वो देखो, वो झाडी जैसा दिख रहा है ना, काकीजी उसके अंदर हैं!" तलावच्या तलाव रिकामा झाला. मला राग येईना. मायेची बाई आहे. जिच्याच्यानं जाववत नाही तिला काय बोलणार?

मग परवा एकटीच गेले. ऑटोवाल्याला रस्त्यावर थांबवलं आणि एकटी चालत आत शिरले. बसले. धुकं उठलं. पाखरं होती, पलीकडच्या काठाला, मोहरी सांडल्यासारखी. चक्रवाकांचा आवाज पाण्यावरून येत होता, इतका लांबून की भांडण आहे की गप्पा ते खरंच कळत नव्हतं. अलीकडे काही नाही. यांनी रोवलेली फांदी अजून आहे, वाकलीय जरा. तिच्यावर कुणी आलं नाही. त्यांना ठाऊक होतं मी आत आहे. कुणीच बाहेर गेलं नव्हतं ना! ऊन माझ्या गुडघ्यावर आलं आणि उतरलं. मग मी उठले आणि नियम मोडून आपली आपण बाहेर आले. भरोसा मोडायला तरी कोण होतं समोर.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तुला आठवत असेल काय म्हणालीस ते. मी विचारलं, "येत का नाहीस गं?" तर आधी सुट्टीचं सांगितलंस, मग तिकिटाचं सांगितलंस, आणि मग एकदम म्हणालीस, "आई, खरं सांगू? यायचं नाही वाटत, असं नाही. निघायचं नाही वाटत. दोन दिवसांत निघावंच लागतं आणि तू गेटशी उभी राहतेस. ऑटो वळेपर्यंत मी मागं बघत असते. तुला तसं सोडून यायला मला नाही जमत. त्यापेक्षा येतच नाही."

मी म्हणाले, "मागं बघू नकोस मग."

"असं काय बोलतेस आई!"

"खरंच सांगतेय. बघायचंच नसतं."

 मग तुझं नेटवर्क गेलं. या वेळी खरंच गेलं असावं.

म्हणून हे सगळं लिहितेय. तुला वाटतं तुझ्या जाण्यानं मी एकटी पडते. अगं, तुझ्या बाबांना मी रोज सोडून जात होते, आणि त्यांच्या कपाटातला प्रत्येक फोटो माझ्या जाण्यानं आलाय. मी तिथेच घुटमळले असते तर त्यांना एक चिमणी मिळाली नसती. आणि त्या एका थंडीत हे मला सोडून गेले, म्हणून कवड्या माझ्यासमोर येऊन टांगला. जाणारं माणूस लागतं गं. नीट, सावकाश, बोलत बोलत, मागं न बघता जाणारं. ते माझ्याकडे नाही. समोरच्या भाभीला जाता येत नाही, आणि तुला जाता येतं तर तू येत नाहीस.

तेव्हा ये. लवकर ये. थंडी सरली की तलावाचं पाणी मागे मागे जातं, लपण कोरड्यात पडतं, आणि चक्रवाक तर त्याच्या आधीच उत्तरेला निघतात. दोन दिवस म्हणतेस ना, दोनच दिवस ये. एक सकाळ मला पुरे. पहाटे माझ्या शेजारून चाल, आत ये, थर्मासमधला चहा घे, आणि मग ऊठ आणि जा. जाताना तुला आवडेल ते बोल, ऑफिसातल्यांना शिव्या घाल, मला घातल्यास तरी चालेल, मी ऐकत असेन. टिटवी ओरडली तर घाबरू नकोस.

फक्त एवढंच कर. ऊन चढल्यावर मला आणायला ये. आणि बॅग घेऊन निघू नकोस बाई, सवयीनं बाबांसारखी थेट स्टेशनवर पोचशील.